रूपाबाईचा कोरा नमना

पुसेगाव मागं टाकून माळावर चढलं की लमाणांचा तांडा लागतो. तिथं रूपाबाईचं घर कोणतं, हे विचारावं लागत नाही. ज्या घरातून एकट्याच बाईचा आवाज येतोय आणि उत्तर कुणीच देत नाही, ते रूपाबाईचं घर.

आता कुणी म्हणेल, बाई भांडखोर असेल. तसं नाही. तिला सगळं जग थोडं वाकडं दिसतं, आणि ते सरळ करायला तिच्या हातात फक्त सुई आहे. मग चिडचिड होणारच. वय सत्तरीला टेकलेलं, नाकावर जाड चष्मा, त्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, बोटात पितळेचं टोपण. आरसे, कवड्या आणि रंगीत दोरा यांच्यापासून ती अशी काही फुलं उठवते की बघणाऱ्यानं वास घेऊन बघावं. एकदा डोंगरकडा गावाजवळच्या तांड्यावर लग्न होतं. नवरी मांडवाकडं निघाली आणि रूपाबाईनं तिला वाटेतच धरलं. ओढणीच्या काठावरचा एक आरसा तिरपा बसला होता. नवरीला तिथंच दगडावर बसवलं, टाका उसवला, पुन्हा घातला. वऱ्हाडी ताटकळले. नवऱ्याचा मामा म्हणाला, "मावशी, वेळ निघून चालली." तर ही म्हणते, "वेळ पुन्हा येती. वाकडा आरसा जन्मभर वाकडाच ऱ्हातो."

तर अशी बाई. आणि तिचा एक नियम होता, तिच्या आईकडून आलेला. जित्या जनावराच्या अंगावर कोरं कापड टाकायचं नाही. कोरं कापड मढ्यावर टाकतात. बैलाची झूल असो, म्हशीची शिंगपट्टी असो, निदान एक टाका रंगाचा पाहिजेच. पूर्वी तांडे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखभर फिरायचे, तेव्हापासूनची ही रीत, असं ती सांगते. बैल पुढं आणि आपण मागं. मग जन्मभर ज्याची पाठ बघत चालायचं, ती पाठ बघण्यासारखी नको?

तिचा धाकटा मुलगा देविदास. आधी दुसऱ्याचा टेम्पो चालवायचा. मग एका साली माळेगावच्या यात्रेला गेला आणि येताना पांढरी घोडी घेऊन आला. नाव चांदणी. लग्नात नवरदेव घोडीवर बसून वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला जातो, त्याला इकडं परण्या म्हणतात. त्या परण्याला घोडी द्यायची, हा देविदासचा नवा धंदा. रूपाबाई पहिले काही महिने घोडीशी बोललीच नाही. "बैल काम करतो, म्हैस दूध देती. ही काय करती? नटती." पण ती ओट्यावर शिवत बसली की घोडी दावं ताणून येई आणि तिच्या खांद्यावर हनुवटी ठेवून उभी राही. ऊन श्वास मानेवर. रूपाबाई म्हणायची, "सरक की गं, उजेड अडवून राहिली." पण स्वतः सरकायची नाही. हळूहळू घरात सगळ्यांत जास्त बोलणं ती घोडीशीच करायला लागली. उलट उत्तर येत नव्हतं, हे एक कारण असावं.

यंदा लग्नं दाट होती. एक परण्या उतरला की दुसरा चढला. देविदास खोगिराखाली पोत्याचं बारदान टाकायचा, आणि एका संध्याकाळी खोगीर काढलं तर बारदानाबरोबर कातडीही निघाली. मानेच्या मुळाशी, जिथं पाठीला उंचवटा असतो, तिथं तळहाताएवढी पाठ सोलली होती.

तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर प्रेमानंद आले. तरुण माणूस, पूर्वी कुठल्याशा घोडेस्वारीच्या शाळेत घोड्यांवर उपचार करून आलेला. त्यांनी जखम धुतली, मलम दिलं आणि देविदासकडं बघितलं.

"खाली काय घालून राहिला तू?"

"बारदान, साहेब."

"तुझ्या सदऱ्याखाली घालतो का बारदान? काही दिवस तिला सुट्टी दे. मंग नमना घाल."

"हे गोळी हाये का इंजेक्शन?"

"औषध न्हाई. खोगिराखालची गादी. खोगिराच्याच आकाराची कापायची." डॉक्टरांनी हवेत दोन्ही हातांनी एक आकार काढला. तो पपईसारखाही दिसत होता आणि फुलपाखरासारखाही. "मऊ पाहिजे, साधी पाहिजे. आणि ती घालताना..." एवढ्यात त्यांचा फोन वाजला. कुणाची तरी गाय अडली होती, वासराचे मागचे पाय आधी आले होते. डॉक्टर गाडीला लाथ मारून निघाले. त्यांचं वाक्य तांड्यातच अर्धं पडून राहिलं.

आता घरात तो एकच शब्द. देविदास हिंगोलीला जाऊन आला. लगाम-गोंडे विकणाऱ्या दुकानदारानं असं काही ऐकलंच नव्हतं. "खोगीर मागा, तंग मागा, नमना काय असतो भाऊ?" औंढ्याला विचारलं, तिथंही तेच. शेवटी सून नीलम पुढं झाली. बारावी शिकलेली. तिनं मोबाइलवर शोधलं आणि अडखळत वाचून सांगितलं.

"याडी, इंग्रजी शब्द हाये. तिकडं बी सगळ्यांना माहीत नसतो, घोड्यावाल्यांनाच माहीत." याडी म्हणजे आई, सासूलाही ती तेच म्हणते. "खोगिराच्या खाली घालायची गादी, खोगिराच्याच आकाराची. चौकोनी असली तर तिला दुसरं नाव हाये. आकारात कापली तरच नमना."

"गादीला गादी म्हनायला काय होतंय यांना?"

"मला काय इचारता, मी ठिवलं का नाव?"

"मंग ही झूलच की."

"झूल वरून असती. ही खालून. घाम पिती, घासनं थांबवती." नीलमनं फोटो दाखवला. तपकिरी घोडा, वर काळं खोगीर, आणि खोगिराच्या कडेनं बोटभर बाहेर दिसणारं पांढरंशुभ्र कापड.

रूपाबाईनं चष्मा वर केला, खाली केला. "ह्या घोड्याचं कुनी मेलं का?"

चांदणीचं काय होणार, हे मात्र त्या घरात ठरून गेलं होतं. माणिकराव नावाचा घोड्यांचा दलाल येऊन बघून गेला होता. देविदासनं त्याला सांगून ठेवलं होतं, पाठ बसली तर ठीक, नाहीतर लग्नं संपली की घेऊन जा. पाठ सोललेली घोडी परण्याला कुणी घेत नाही. ती वीटभट्टीवर गाडा ओढायला जाते. हे रूपाबाईला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिनं ऐकलं होतं. त्या दिवसापासून ती घोडीकडं बघून जास्तच ओरडायला लागली.

मग बसली शिवायला. जुन्या लुगड्यांचे थर, मध्ये पिंजलेला कापूस. आकार बरोबर घेतला. खोगीर उलटं करून त्याच्या कडेनं कोळशानं रेघ मारली, अगदी फोटोसारखी. कवड्या फक्त काठाला लावल्या, हे तिच्या दृष्टीनं फार मोठं मन मारणं होतं. पण मधला भाग कोरा कसा ठेवणार? तिथं तिनं पार काठापर्यंत दाट फुलं भरली. दोऱ्यावर दोरा, फुलाच्या पोटात बारीक आरसा. नीलम म्हणाली, "डॉक्टर साधं म्हनले होते." रूपाबाई म्हणाली, "हे साधंच हाये. भारी केलं असतं तर तुझे डोळे दिपले असते."

मलमानं जखमेवर खपली धरली होती. सुट्टी संपली आणि औंढ्याचा परण्या आला. लोकांनी काय कौतुक केलं म्हणता. फोटोवाल्यानं नवरदेवाला सोडून आधी खोगिराच्या कडेचे फोटो काढले. एक बाई विचारत होती, अशी उशी मिळेल का. देविदासनं घरी येऊन हे सगळं रंगवून सांगितलं, आणि रूपाबाई त्या दिवशी कुणालाच काही बोलली नाही. हे तिचं खूश असणं.

मग तिनं स्वतः खोगीर उतरवलं आणि गादी उचलली.

चांदणीच्या पाठीवर फुलं उठली होती. रूपाबाईची फुलं. दोऱ्याचे वळ, आरशांचे गोल, सगळं कातडीवर दाबून उमटलेलं. जुन्या जखमेवर तर एक फूल रक्तानं भरलं होतं. कुठला टाका कुठून वळला, हे तिला त्या पाठीवर वाचता येत होतं. तिनं बोट लावलं. घोडी थरारली, मान वळवून तिनं दात दाखवले. याआधी तिनं रूपाबाईला कधी दात दाखवले नव्हते.

रूपाबाई ओट्यावर जाऊन बसली. बोलेना. शेजारीण येऊन विचारून गेली, बरं न्हाई का? घरातून आवाज येत नाही म्हणजे काहीतरी बिघडलं, एवढं तांड्याला कळतं.

देविदास म्हणाला, "माणिकरावला फोन करतो. उगं तिचे हाल."

तेव्हा खाटेवरून पेमा बोलला. पेमा म्हणजे रूपाबाईचा नवरा, नीट ऐकू येतं पण न येण्याचं सोंग करतो. तेवढीच शांतता. तो म्हणाला, "अरे, नमदा म्हना की सरळ."

सगळे वळले.

"माझा बाप निजामाच्या जमादाराच्या घोड्याला दाना घालायचा. त्याच्या खोगिराखाली नमदा असायचा. लोकर कुटून कुटून केलेला जाड तुकडा. ना टाका ना शिवन. बाप म्हनायचा, घोड्याच्या पाठीला डोळे नसतात, तिला फूल दावून काय करता."

रूपाबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की खाट एक इंच मागं सरकली असावी. "घरात इतके दिवस नमना नमना चालू हाये. आन् हे तुमी आत्ता सांगून राहिले?"

"मला कुनी इचारलं?"

"कानावर तर पडत होतं ना?"

"मला वाटलं पोरं इंग्रजी बोलून राहिले."

पुढं डॉक्टरांनीही हेच सांगितलं, की इंग्रज घोडेस्वारांनी आपल्याकडचा नमदा उचलला, तोंडात घोळवून त्याचा नमना केला आणि आपल्या मुलुखात घेऊन गेले. म्हणजे आपलीच वस्तू, आपलाच शब्द, फिरून फिरून तांड्यावर परत आला तर ओळखणारा एकटा पेमा, आणि तो पांघरूण घेऊन पडलेला.

त्याच पांघरुणाकडं रूपाबाईचं लक्ष गेलं. धनगराकडून घेतलेली काळी घोंगडी, वापरून वापरून मऊ झालेली. तिनं ती ओढून घेतली.

"माझी घोंगडी हाये ती."

"तोंड बंद ठिवलं तेवढे दिवस थंडीबी सोसा."

घोंगडी धुतली, वाळवली, पुन्हा धुतली. कापून दोन थर केले. आणि मग सुरू झालं तिच्या आयुष्यातलं सगळ्यात कंटाळवाणं शिवणकाम. टाका दिसायचा नाही. गाठ खालच्या अंगाला येऊ द्यायची नाही. काठ वरच्या बाजूला दुमडायचा, म्हणजे पाठीला शिवण लागणार नाही. हात सवयीनं फुलाकडं वळे, ती त्याला मागं ओढी. मध्येच सुई टोचून ठेवून म्हणायची, "हे शिवनं न्हाई. हे लपवनं हाये." रात्री जेवताना भाकरी मोडून तशीच ठेवायची. कोरं कापड. जित्या जिवावर. आईला काय सांगणार होती ती, आई असती तर?

नीलमला दया आली. "याडी, खोगिराच्या बाहेर जो काठ दिसतो ना, तिथं एखादी कवडी लावा. तिथं वजन येत न्हाई."

रूपाबाईनं काठावरून अंगठा फिरवला. खूप वेळ फिरवला. "न्हाई. एक लावली की माझा हात थांबत न्हाई. मला माहीत हाये माझा हात."

आणि नमना कोरा राहिला.

चांदणीला पुन्हा सुट्टी दिली होती. खपली धरली, पण कच्ची. डोंगरकड्याचा एक परण्या देविदासनं आधीच कबूल केलेला, तो मोडता येईना. माणिकरावचा निरोप आला होता की, त्या लग्नानंतर मी येतो. परण्याच्या सकाळी डॉक्टर प्रेमानंद तांड्यावर दुसऱ्याच कामाला आले होते, त्यांना देविदासनं ओढून आणलं. डॉक्टरांनी नमना हातात घेतला, उलटा केला, गालाला लावून बघितला. "मावशी, हा तर घोडेस्वारीच्या शाळेतल्यापेक्षा मऊ हाये." रूपाबाई फुशारणार, तेवढ्यात देविदासनं तो पाठीवर टाकला, वर खोगीर ठेवलं आणि पोटाखालून तंगाचा पट्टा आवळला.

"थांब, थांब. असा न्हाई." डॉक्टरांनी तंग सोडला. खोगिराच्या मधोमध जी पोकळी असते, तिथून नमना बोटांनी चिमटून वर ओढला, खालून हात सारता येईल असा. "पाठीवर ताणून बसला तर मऊ असून उपयोग न्हाई, उंचवट्यावर दाबतो. वर ओढायचा. स्वार बसला, चालला की पुन्हा खाली येतो, पुन्हा ओढायचा."

"हे आधी काहून न्हाई सांगितलं, डॉक्टरसाहेब?"

"सांगून राहिलो होतो, मावशी. वासरू अडलं होतं."

रूपाबाईनं कपाळाला हात लावला. जगात जो तो अर्धं सांगतो आणि उठून जातो. उरलेलं अर्धं जनावराच्या पाठीवर निघतं.

देविदासवर भरवसा नव्हता. त्याला लगाम धरून लोकांत मिरवायचं असतं. म्हणून रूपाबाई स्वतः डोंगरकड्याला गेली. परण्या निघाला. बँड वाजतोय, पोरं नाचताहेत, नवरदेव भारदस्त आणि मोबाइलवर कुणाशी तरी बोलत घोडीवर झुलतोय, आणि एक म्हातारी त्याच्या मांडीशी चालतेय. जरा पुढं गेलं की हिचा हात खोगिराखाली. चिमटून वर. पुन्हा पुढं, पुन्हा हात.

नवरदेवाचा मित्र म्हणाला, "आजी, नवरदेवाला गुदगुल्या होऊन राहिल्या."

"होऊ दे. रडला तर बघू."

मग नवरदेवाची मावशी आली, भरजरी साडी, हातात मोबाइल. "अहो बाई, बाजूला व्हा, फोटो काढायचाय. आणि हे काय घातलंय खोगिराखाली? काळी चिंधी. लग्नाची घोडी हाये का मयताची? औंढ्याच्या लग्नात किती छान आरशांचं होतं, तेच बघून सांगितलं होतं आम्ही."

देविदासनं डोळे मिटून घेतले. आता आईचं तोंड सुटणार, परण्या इथंच थांबणार.

रूपाबाईच्या ओठांपर्यंत आलं होतं. ते आरशांचं माझंच होतं. हे बी माझंच हाये. सगळ्या जिल्ह्यात माझ्या हाताला कुनी नाव ठिवलं न्हाई, आन् आज चिंधी. पण हे सांगायला उभं राहायचं म्हणजे घोडी पुढं निघून जाणार, आणि नमना खाली आलेला. तिनं ओठ दाबले, वाट काढली आणि हात पुन्हा खोगिराखाली घातला. मारुतीचं देऊळ येईपर्यंत ती मावशी चिंधीच म्हणत राहिली.

घरी येऊन खोगीर काढलं तेव्हा देविदासच्या आधी तिचा हात पाठीवर होता. घाम सगळीकडं सारखा पसरलेला. केस चापूनचोपून बसलेले. खपली होती तशी, कोरडी, कुठं हललेली नाही. वळ नाही, गाठ नाही, फूल नाही. चांदणीनं शेपटी हलवली आणि कडब्यात तोंड घातलं.

"बघ," देविदास म्हणाला.

"काय बघ? काही दिसून राहिलं का? न्हाई ना. हेच करायचं होतं म्हने." आणि ती हात धुवायला गेली, रागानंच.

माणिकराव आला तेव्हा खपली गळून खाली गुलाबी कातडी आली होती. त्यानं अंगठ्यानं पाठ दाबली, बाजूनं दाबली. चांदणी कडबा चघळत होती, चघळतच राहिली. माणिकराव हुशार माणूस. म्हणाला, "देविदास, पाठ बसली की रे. आता तर जास्त देईन."

"विकायची म्हनत होतो ते पाठीपायी. पाठ बसली तर कशाला विकू?"

"मंग मला काहून बोलावलं एवढ्या लांब?"

"तुमीच आले की."

माणिकराव खवळला, पण चहा आला होता. चहा पिताना त्याची नजर दोरीवर वाळणाऱ्या नमन्यावर गेली. उठून त्यानं हात लावला, दुमड बघितली, खालची बाजू बघितली. "मावशी, अशे मलाबी करून द्या. माझ्या सगळ्या घोड्यांच्या पाठी खराब हायेत."

"कोरं शिवायला माझा हात चालत न्हाई. एक झाला, तेवढाच."

"मंग माझ्या घोड्यांचं काय?"

रूपाबाईनं चष्म्यातून त्याच्याकडं बघितलं. मग दारात बांधलेल्या त्याच्या घोड्याकडं बघितलं, ज्याच्यावर तो बसून आला होता. उठली, घोड्याजवळ गेली, खोगिराची कड वर केली. खाली बारदान होतं.

"उतरवा हे," ती म्हणाली. "आत्ता उतरवा. आन् नीलम, त्या धनगराला फोन लाव, म्हनावं जुन्या घोंगड्या असतील तेवढ्या घेऊन ये. नव्या नको, टोचतात. सगळ्या जगाचं मलाच करावं लागून राहिलं, आन् दिसनार कुनालाच न्हाई."

खाटेवर पेमानं अंगावरचं दुसरं पांघरूण हळूच पायांखाली ओढून घेतलं.